‘ठीक’ या शेऱ्याचे अर्थशास्त्र

वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, महाराष्ट्रातील असंख्य इमारती कागदोपत्री सुरक्षित होतात. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा राज्यात डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून आपली यंत्रणा तपासून घ्यावी आणि ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र या दोन महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे, असे त्यात सांगितले आहे. जिथे आपत्कालीन दिवे बंधनकारक आहेत तिथे तेही या तपासणीत येतात. प्रमाणपत्र येते, शिक्का बसतो, फाईल कपाटात जाते. परंतु वीज गेल्यावर जिन्यातला दिवा खरोखर लागतो का आणि लागलाच तर किती वेळ टिकतो, याचे उत्तर त्या फायलीत सापडेल अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही.

हा विषय अभियंत्यांचा आहे, त्यात समाजवादी कार्यकर्त्यांनी का पडावे, असे काही मित्र विचारतील. माझे म्हणणे असे की, चाचणी कोणी घ्यायची, नोंद कोणी करायची, ती कोणी पाहायची आणि खोटी नोंद कोणाच्या फायद्याची ठरते, हे प्रश्न सत्तेचे आणि पैशाचे आहेत. म्हणूनच ते आपले आहेत.

आधी चाचणी म्हणजे काय ते पाहू. आपत्कालीन दिव्याला स्वतःची बॅटरी असते किंवा तो वेगळ्या बॅटरीसंचावर चालतो. मुख्य पुरवठा तुटताच तो आपोआप लागावा आणि माणसांना जिना व दार दिसावे, एवढेच त्याचे काम. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार तो किमान दीड तास जळत राहिला पाहिजे. या दिव्यावर बहुधा एक हिरवा ठिपका असतो. तो ठिपका बॅटरीकडे वीज जात असल्याचे सांगतो, बॅटरीत ती साठून राहते की नाही हे सांगत नाही. दिव्याचे चाचणीचे बटण दाबले की म्हातारी बॅटरीसुद्धा चार सेकंद प्रकाश देते आणि पाहणारा ‘ठीक’ लिहून पुढे जातो. तीच बॅटरी खऱ्या प्रसंगी पाच-दहा मिनिटांत मान टाकते. म्हणून ब्रिटनसारख्या देशांत दरमहा एक छोटी चाचणी आणि वर्षातून एकदा पूर्ण मुदतीची चाचणी घेण्याची रीत आहे. या दुसऱ्या चाचणीत पुरवठा तोडायचा, पूर्ण वेळ थांबायचे, कोणता दिवा किती मिनिटे टिकला ते लिहायचे, कोणता बंद पडला, तो कोणी आणि कधी दुरुस्त केला तेही लिहायचे. चाचणीनंतर बॅटऱ्या पुन्हा भरेपर्यंत इमारत असुरक्षित असते, म्हणून वेळही विचारपूर्वक निवडायची. आपल्या कोकणात तर खारी हवा बॅटरीचे जोड खाऊन टाकते आणि पावसाळ्यातली ओल उरलेले काम पुरे करते. इथे चाचणी अधिक काटेकोर हवी.

आता एक कबुली देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी ज्या शिक्षणसंस्थेत अर्थशास्त्र शिकवीत होतो, तिथे काही काळ इमारतीच्या देखभालीचे कामही माझ्याकडे होते. महिन्याच्या अखेरीस एक रजिस्टर टेबलावर येई. त्यात तारीख, ‘दिवे : ठीक’ हा शेरा आणि सहीची जागा असे. मी सही करीत असे. जून महिन्यातील एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर तास चालू असताना वीज गेली. बाहेर मुसळधार पाऊस, जिन्यात मिट्ट काळोख. मुले भिंतीला धरून उतरू लागली आणि शेवटच्या वळणावर एका विद्यार्थिनीचा पाय चुकून तिचे मनगट मोडले. जिन्यावरचे तिन्ही आपत्कालीन दिवे बंद होते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ज्येष्ठ शिपायांना काहीशा रागानेच जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, “सर, बॅटऱ्या मेल्या त्याला दोन पावसाळे झाले. ऑफिसात तोंडी सांगितलं होतं. पण ह्या रजिस्टरात ‘बंद’ लिहायला रकानाच कुठं आहे? आणि लिहिलं असतं तर ‘का लिहिलंस’ म्हणून मलाच विचारलं असतं.” मी रजिस्टर उघडले. दोन पावसाळ्यांतल्या प्रत्येक महिन्यासमोर ‘ठीक’ होते आणि त्याखाली माझी सही होती. वर्गात मी खाजगी भांडवलाच्या बेजबाबदारपणावर बोलत होतो आणि कार्यालयात त्याच बेजबाबदारपणाला प्रमाणपत्र देत होतो.

त्या शिपायांच्या दोन वाक्यांत या प्रश्नाचे सारे अर्थशास्त्र आलेले आहे. ज्या नोंदवहीत दोष लिहिता येत नाही ती नोंदवही इमारतीची अवस्था नोंदवीत नाही, ती वरिष्ठांची सुटका करते. असे का घडते याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण अंदाजपत्रकाचे. नवी इमारत हा भांडवली खर्च असतो, त्याची कोनशिला बसते, मंत्री येतात. बॅटरी बदलणे हा महसुली खर्च असतो. काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते, कारण न बदललेली बॅटरी अपघात होईपर्यंत कोणाला दिसत नाही. ही वस्तुतः बचत नसून इमारत वापरणाऱ्यांच्या जिवावर काढलेले बिनव्याजी कर्ज आहे. खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा वाटा समाजाच्या माथी कसा मारतो, हे कार्ल विल्यम कॅप या अर्थतज्ज्ञाने १९५० साली सविस्तर मांडले. आपल्या राज्यसंस्थेनेही ती कला आत्मसात केली आहे.

दुसरे कारण उत्तरदायित्वाचे. ‘दिवा बंद आहे’ असे लिहिले की त्या क्षणापासून वरिष्ठाला ते ठाऊक झाले असे ठरते. पुढे काही घडले तर तो कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो. त्यामुळे अज्ञान सर्वांत स्वस्त पडते आणि खालच्या माणसाने वरच्याचे अज्ञान जपावे अशी अलिखित अपेक्षा असते.

तिसरे कारण बाजाराचे. परवानाधारक संस्थेची फी कोण देतो? ज्याची इमारत तपासायची तोच. दीड तास थांबून पाच दिवे नापास करणाऱ्या संस्थेकडे मालक पुढच्या जुलैत जाईल की अर्ध्या तासात कागद हातात देणाऱ्या संस्थेकडे? खऱ्या-खोट्याची पारख ग्राहकाला करता येत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, असे जॉर्ज ॲकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवून दिले. इथे तर त्याहून विपरीत स्थिती आहे. प्रमाणपत्राच्या ग्राहकाला खरेपणा नकोच असतो, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो रुग्ण, प्रेक्षक किंवा कामगार या व्यवहारात पक्षकारही नसतो. सर्व परवानाधारक संस्था अप्रामाणिक आहेत असा याचा अर्थ नव्हे. प्रामाणिक राहणे ज्या रचनेत तोट्याचे ठरते ती रचनाच सदोष आहे, असा त्याचा अर्थ आहे.

या सदोष रचनेची किंमत काय, हे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात दिसले. तळमजल्यावरील वाहनतळाजवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून आग भडकली, धूर बाल्कनीत शिरला, वीज गेली आणि प्रेक्षागृह काळोखात बुडाले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून वाट बुजवलेली होती. आपत्कालीन दिवे नव्हते, धोक्याची घोषणाही झाली नाही. ५९ माणसे मेली, त्यातली बहुतेक गुदमरून. पण ही कथा त्या दिवशी सुरू झाली नव्हती. १९८३ साली तपासणीत या चित्रपटगृहाचे दोष आढळले होते, परवाना काही दिवसांसाठी निलंबितही झाला होता. मालकांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली आणि नंतर वर्षानुवर्षे तात्पुरत्या परवान्यांवर खेळ चालू राहिले. पुढे खटला उभा राहिल्यावर न्यायालयाच्या ताब्यातील कागदपत्रांतच फेरफार झाल्याचे उघड झाले आणि त्यासाठी २०२१ साली मालक बंधूंना वेगळी शिक्षा झाली. धनिकांना नोंदींची ताकद चांगली कळते. आपल्यालाच ती अजून कळलेली नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात २६ फेब्रुवारी १९९३ रोजी तळघरात स्फोट झाला तेव्हा वीज आणि आपत्कालीन जनरेटर दोन्ही बंद पडले. हजारो माणसांना धुराने भरलेल्या काळोख्या जिन्यांतून उतरायला कित्येक तास लागले. त्यानंतर जिन्यांत बॅटरीचे दिवे बसवले गेले, पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारा रंग लावला गेला. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने ज्या मजल्यांवर आदळली त्यांच्या खालचे बहुसंख्य लोक इमारती कोसळण्यापूर्वी बाहेर पडू शकले. त्याला इतरही कारणे होती. परंतु जिन्यातल्या त्या प्रकाशाचा वाटा त्यात निश्चित होता.

आता आपल्या राज्याकडे वळू. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्या इमारतीचे अग्निसुरक्षा परीक्षण झालेच नव्हते, हे नंतर पुढे आले. मग सर्व रुग्णालयांच्या परीक्षणाचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि अकरा रुग्ण गेले. इथे परीक्षण झाले होते, पण सुचवलेली कामे निधीअभावी राहिली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. या आगी दिव्यांअभावी लागल्या असे मी म्हणत नाही. रोग एकच आहे, एवढेच दाखवायचे आहे. भंडाऱ्यात कागदच नव्हता आणि नगरला कागद होता पण त्यामागे पैसा नव्हता.

आणि शिक्षा कोणाला झाली? भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले हे खरे, पण कंत्राटी परिचारिकांना थेट घरी पाठवण्यात आले आणि पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. नगरला एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. ज्या टेबलावर निधीचे प्रस्ताव पडून राहतात त्या टेबलापर्यंत पोलीस गेल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्या शिपायांची भीती किती रास्त होती, हे मला तेव्हा पुन्हा उमगले.

रत्नागिरीकरांना तर वीज जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. एका कोविड रुग्णालयात पाणी भरले, वीज गेली, आणि तिथले आठ रुग्ण दगावले. पर्यायी विजेची सोय पुराच्या पातळीच्या वर आहे काय आणि ती किती वेळ टिकते, हे प्रश्न पूर येण्यापूर्वी विचारायचे असतात. त्यांची उत्तरे नोंदवहीतच सापडायला हवीत.

जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात आपण हेच सांगत होतो. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा येथे भूकंपाने बाहेरची वीज तोडली तेव्हा आपत्कालीन जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले होते. सुमारे पाऊण तासाने त्सुनामी आली. बहुतेक जनरेटर तळघरांत होते, ते बुडाले. काही बॅटरीसंचही बुडाले. नियंत्रण कक्षात काळोख झाला आणि जगातील एका अतिप्रगत देशाचे तंत्रज्ञ विजेरीच्या उजेडात, मोटारींच्या बॅटऱ्या जोडून उपकरणे वाचू लागले. “सर्व सुरक्षा उपाय केले जातील” हे वाक्य आपण माडबनलाही ऐकले. ज्या राज्याला जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षेची खरी नोंद ठेवता येत नाही त्याने अणुभट्टीची हमी द्यावी, हा विनोद फार महागात पडणारा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. विषय क्षुल्लक आहे, असे आपल्यातलेच काही जण म्हणतील. त्यांना मी मधू दंडवते यांची आठवण करून देईन. याच जिल्ह्यातल्या राजापूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतदारसंघाचे हे खासदार १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे. क्रांतीच्या तराजूत दोन इंच फोमचे वजन ते काय, असे तेव्हाही कोणी म्हणाले असेल. कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या पाठीला ते कळले.

दुसरा आक्षेप ‘इन्स्पेक्टर राज’चा. अधिकारी लाच खातात, म्हणून मालकाने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र द्यावे, असा हा उफराटा न्याय आहे. परीक्षक भ्रष्ट निघाला म्हणून विद्यार्थ्यानेच आपले गुण मांडावेत, असे कोणते विद्यापीठ म्हणेल? परीक्षकावर लोकांची नजर ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. लहान नगरपरिषदांकडे निधी नसतो हे खरे. पण या चाचणीला लागतो तो मुख्यतः वेळ आणि प्रामाणिकपणा. आपल्याकडे तर महावितरण वारंवार पुरवठा तोडून फुकट परीक्षा घेते. वीज कधी गेली, कोणता दिवा किती मिनिटे टिकला, एवढे लिहिले तरी निम्मे काम होते.

माझ्या मागण्या चार आहेत. एक : प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या नोंदवहीत दिव्याचा क्रमांक, टिकलेली मिनिटे, आढळलेला दोष आणि दुरुस्तीची तारीख यांचे रकाने असावेत. दोष लिहिणाऱ्यास संरक्षण मिळावे आणि दोष वाचून स्वस्थ बसणाऱ्यास शिक्षा व्हावी. दोन : तपासणीची फी मालकाने शासकीय निधीत भरावी आणि तपासणारी संस्था चिठ्ठी टाकून नेमली जावी. तीन : परिचारिका, वॉर्डबॉय, द्वारपाल, शिपाई यांच्या प्रतिनिधीची सही असल्याखेरीज प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांसाठी कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती मान्य झाली होती. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू होऊन तो जुना कायदा गेला, तरी त्यातले तत्त्व सोडून देण्याचे कारण नाही. चार : सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष असावे, त्यातला पैसा अन्यत्र वळवता येऊ नये, आणि शेवटच्या चाचणीचा निकाल दारावर, मराठीत, सर्वांना वाचता येईल असा लावलेला असावा.

शासन हे आपण होऊन करणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात एक सरकारी रुग्णालय, एक नाट्यगृह किंवा सभागृह आणि एक वसतिगृह निवडावे आणि मागील दोन वर्षांची चार प्रमाणपत्रे व चाचणीच्या नोंदी माहिती अधिकाराखाली मागाव्यात. त्या इमारतींतल्या कर्मचारी संघटनांना सोबत घ्यावे, कारण खरी माहिती त्यांच्याकडेच असते. त्याआधी मात्र आपल्या ताब्यातील कार्यालये, शाळा, पतसंस्था आणि सभागृहे येथे पुढच्या बैठकीच्या शेवटी मुख्य स्विच बंद करून दीड तास थांबावे आणि जे दिसेल ते लिहावे. दुसऱ्याच्या नोंदवहीवर बोट ठेवण्याचा अधिकार त्यातूनच मिळेल. आमच्या शिपायांनी मागितला होता तो एक रकाना. तो माझ्या हातात असतानाही मी दिला नव्हता, म्हणून हे लिहिण्याचे धाडस आज करीत आहे.

मिळालेली माहिती तालुकावार या साप्ताहिकाकडे पाठवावी. त्यात ‘बंद’ असा शेरा आला तर तो जसाच्या तसा छापावा, अशी संपादकांना माझी विनंती आहे.